पडून राहिलेलं नाव

बाळाच्या टाळूवरची मऊ जागा हौसाबाईनं जन्मल्या दिवशी बोटांनी मापली होती, तेव्हा तिथं दोन बोटं शेजारी शेजारी बसली होती. आज सकाळी तेल जिरवताना एकच बोट बसलं आणि त्याच्या कडेला उरली ती फार तर चिंचोक्याएवढी जागा. मागची, शेंडीजवळची लहान टाळू केव्हाच भरून गेली होती, आणि ती नेमकी कोणत्या दिवशी भरली हे आपल्या ध्यानातून निसटलं याची तिला रुखरुख होती. पुढची मात्र अजून उडत होती. तेलाचा थेंब तिच्यावर ठेवला की तोही उडायचा, आणि आपला एक श्वास आत जाऊन बाहेर येईपर्यंत तो किती वेळा उडतो ते हौसाबाई मोजायची. जागेपणी आठ, झोपेत सात, रडताना अकरा. पाच महिन्यांत या आकड्यांत फारसा फरक पडला नव्हता. फरक पडत होता तो जागेत. जागा कमी होत होती, आणि आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की ही अशीच कमी होत जाणार. आपलं ठरेपर्यंत काही थांबायची नाही.

“भरत आली टाळू,” जैतुनबी म्हणाली. ही बाळंतपण करणारी सुईण. सव्वा महिन्यानंतर तिचं रोजचं येणं संपलं होतं, पण या घरात घुगऱ्या शिजायच्या दिवशी ती आपसूक हजर होई. “आज तरी नाव ठेवता का नाई, हौसाबाई? टाळू भरली का नाव अंदर उतरत नाई. वरच्यावर राह्यते, तेलावानी. मंग हाक मारा, पोरगं पाहतच नाई.”

“असं असते का कुठं?” हौसाबाई म्हणाली, पण तिचं बोट टाळूवरून उचललं गेलं.

“मंगरूळच्या एका घरी झालं. दो साल का पोरगा, नाव घेतलं तर खिडकीकडं पाहे.”

हौसाबाई त्या पोराविषयी आणखी दोन प्रश्न विचारणार होती, की तो कानानं बरा होता का, आणि खिडकीत काही होतं का, पण जैतुनबीनं उठून चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. पातेल्यात घुगऱ्या होत्या. भिजवून शिजवलेले हरभरे, वरून मीठ आणि खोबरं. बारशाला आलेल्या बायकांच्या ओटीत त्या घालायच्या, ही रीत. या बाळाच्या बारशाच्या घुगऱ्या आजवर दोनदा शिजल्या होत्या, दोनदा बायका पदर भरभरून घेऊन गेल्या होत्या, आणि बाळाला नाव पडलं नव्हतं. शेजारची सोजरबाई, जिला ढोल वाजवला तरच ऐकू यायचं, ती तर असं समजून चालली होती की या घरी महिन्या-दोन महिन्यांनी हरभरे वाटायचा काही नवस आहे. पदर पसरताना दर वेळी विचारायची, “देव पावला का वं?” आणि जिजाबाई, हौसाबाईची आई, तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, “पावला, पन त्याले नाव नाई.”

नाव नसलं म्हणून कोणी बाळाला हाक मारायचं थांबत नाही. बाप उत्तमराव, हौसाबाईचा धाकटा भाऊ, पद्मतीर्थ तळ्याच्या मागे त्याचा भाजीचा मळा. तो पोराला गड्डा म्हणे, कारण डोकं पानकोबीच्या गड्ड्यासारखं गोल होतं. आजी जिजाबाई बुढा म्हणे. जैतुनबी नवाब म्हणे. आई धनीबाई नुसतं बाप्पा म्हणे. पोरगा चारही हाकांना मान वळवी, शिवाय रस्त्यावरून कोणी मेथी घ्या म्हणून ओरडत गेलं तरी वळवी. “असंच राह्यलं तं लग्नाच्या चिठ्ठीत गड्डा छापा लागंन,” असं जिजाबाई एकदा म्हणाली तेव्हा सगळे हसले, हौसाबाईसुद्धा. पण घरात ती एकटीच अशी होती की पोराला कुठलंच नाव घेऊन बोलवत नव्हती. ती चुटकी वाजवायची. हे अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यात लक्षात येण्यासारखं काय होतं. आत्या चुटकी वाजवते, पोर पाहतं.

नाव कानात सांगायचा मान आत्याचा. पाळण्याशी वाकायचं, बाळाच्या कानाला तोंड लावून नाव सांगायचं, आणि त्याच वेळी भोवतालच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालायचे. बुक्के का घालायचे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. हौसाबाईनं लहानपणी विचारलं होतं तर उत्तर म्हणून एक बुक्का मिळाला होता. ती उत्तमरावाची एकुलती बहीण, म्हणजे पोराची एकुलती आत्या, आणि सगळी अडचण तिथंच होती. सासरच्या मोठ्या पुरुषांची नावं सुनेनं घ्यायची नाहीत. सासरा, भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि खुद्द नवरा. हौसाबाईचं सासर गावातच होतं, स्टेशनाच्या अंगाला, कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या भिंतीलगत, पण गावात असलं म्हणून रीत सैल होत नाही. बारसं पहिल्यांदा मांडलं ते बाराव्या दिवशी. उत्तमरावानं नाव मनात ठरवून ठेवलं होतं आणि पाळण्याशीच सांगितलं, सुखदेव. बायकांनी मुठी उगारल्या. हौसाबाई वाकली आणि तशीच पुन्हा सरळ झाली. “ते माह्या मोठ्या भासऱ्याचं नाव हाये,” ती म्हणाली. ते खरं होतं. उत्तमरावाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं; पुरुषांच्या येत नाही. तो म्हणाला, “मंग आक्का, मनातल्या मनात म्हन.” ती म्हणाली, “मनातल्या मनात म्हटलेलं त्याले कसं ऐकू जाईन?” घुगऱ्या वाटल्या गेल्या.

मग नावांची चाळणी सुरू झाली. उत्तमरावाचा हट्ट, की नाव जुनं पाहिजे, वजनाचं पाहिजे. मळ्यावर भाजी न्यायला येणाऱ्या मास्तरांनी प्रभाकर सुचवलं होतं, त्यावर जिजाबाई म्हणाली, “वांगे विकनाऱ्याच्या घरी वकील कायले पायजे?” जिजाबाईला पुंजाजी हवं होतं, पण ते तिच्याच सासऱ्याचं नाव, ती ते सांगायची कशी, तर बोटांनी पुंज केल्याची खूण करून, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. म्हणजे नातू पुंजाजी झाला तर आजीनं त्याला जन्मभर खुणेनं जेवायला बोलवायचं. धनीबाईच्या माहेरून निरोप आला, गोविंदा ठेवा. गोविंदा हौसाबाईचा सासरा. दुपारी वाफ्याच्या बांधावर बसून हौसाबाईनं एकदा शिस्तीनं विचार केला. आई, भावजय आणि आपण, तिघींच्या मिळून न घेण्याच्या नावांची यादी बोटांवर केली, तर ती अकरापर्यंत गेली, आणि गावात जुनी, वजनाची म्हणून जी नावं होती त्यांतली बहुतेक त्या अकरांत होती. बाकी उरली त्यांतलं एक होतं यशवंत. सगळ्यांना पसंत पडलं. कोणाचं काही अडत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा पाळणा बांधला, हरभरे भिजत घातले, बायका जमल्या, पाळण्याखालून बाळ या हातातून त्या हातात गेलं. हौसाबाई वाकली. बाळानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, त्याच्या टाळूवर थेंबभर तेल उडत होतं, आणि ती सरळ होत म्हणाली, “यशवंत नाव नाई चालत. तेबी माहे भासरे होते. लहानपनीच गेले.”

असा कोणी यशवंत नव्हता. हौसाबाईच्या सासरी तीन भाऊ होते आणि तिघंही धडधाकट होते. हे वाक्य आपल्या तोंडातून कसं बाहेर आलं ते तिला कळलं नाही. एवढंच कळलं, की ते बाहेर आल्यावर उन्हातून येऊन माठाला पाठ टेकल्यासारखं वाटलं. जिजाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. “हौसे, तुह्या सासरी गावभर मानसं हायेत का वं?” एवढंच ती म्हणाली. सोजरबाईनं पदर पसरून विचारलं, “देव पावला का?”

आता पाळणा तिसऱ्यांदा बांधला होता. सकाळपासून हौसाबाई माहेरीच होती. टाळूला तेल लावायच्या निमित्तानं ती रोजच येई, स्टेशनाकडून पद्मतीर्थापर्यंत सगळं गाव ओलांडून. सात वर्षांपूर्वीही अशीच यायची. तेव्हाचा पाळणा हाच, लाकडाचे चार पोपट असलेला, एका पोपटाची चोच तुटलेली. तेव्हा नावाची काही भानगडच नव्हती. मानमोडीच्या तापाच्या साथीत बाप गेला, दौलतराव, आणि त्यानंतर घरात जन्मलेला पहिला मुलगा तो, उत्तमरावाचा थोरला, म्हणून बापाचंच नाव. हौसाबाई वाकली आणि बुक्के पडायच्या आधीच दौलत म्हणून मोकळी झाली, इतक्या मोठ्यानं की बाळ दचकलं. जिजाबाईनं ते नाव घ्यायचं नाही, नवऱ्याचं. धनीबाईनं घ्यायचं नाही, सासऱ्याचं. त्या दोघी पोराला दादा म्हणायच्या. बापाचं नाव घ्यायला मोकळीक फक्त लेकीला. उत्तमराव दिवसभर मळ्यावर. म्हणजे ते नाव खरं वापरात ठेवलं ते एकट्या हौसाबाईनं. ती दारातूनच हाक मारत यायची, दौलत, ओ दौलत, दौलतराव जेवले का, आणि प्रत्येक हाकेबरोबर तिला वाटायचं की बाप मळ्यातून पाय धुऊन आत येतो आहे. पोरगं तेरा महिन्यांचं होऊन डांग्या खोकल्यानं गेलं. कोणी तिला काही म्हटलं नाही. जिजाबाई एकदाच म्हणाली, “नाव जड गेलं लेकराले,” आणि तेही तिला नव्हे, चुलीला म्हणाली. पण हौसाबाईनं घरी जाऊन हिशेब मांडला. तेरा महिने म्हणजे तीनशे पंच्याण्णव दिवस. दिवसाला वीस हाका धरल्या, कमीच धरल्या, तरी आठ हजारांच्या घरात जातात. बाकी कोणाच्या तोंडून ते नाव गेलं असेल दोन-चारशे वेळा. उरलेलं सगळं तिच्या.

या हिशेबाला पाया होता. लग्नात ती अकरा वर्षांची होती. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची मुभा असते, म्हणून बायकांनी तिला उखाणा पाठ करून दिला होता. तिनं दोन्ही ओळी घडाघडा म्हटल्या आणि नावाशी येऊन तोंड मिटलं ते मिटलंच. बायकांनी चिमटे काढले, कोणी वेणी ओढली. शेवटी सासू म्हणाली, राहू द्या, पोर शहाणी आहे. नवऱ्याचं नाव तोंडी घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं. बाकीच्या बायका हे ऐकून उखाणे घेतच होत्या, वर्षातून चार वेळा, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला. हौसाबाईला त्यांचं नवल वाटे. नाव ओळीच्या शेवटी आलं काय आणि हाकेत आलं काय, तोंडातून बाहेर पडलंच ना? मग उखाण्यांची पाळी तिच्यापर्यंत येत आली की ती पाणी पाहून येते म्हणून उठायची. एकोणीस वर्षं ती पाणी पाहून येत होती. नाव घेतल्यानं किती आयुष्य कमी होतं ते सासूनं सांगितलं नव्हतं, आणि हौसाबाईला नेमकं तेच विचारायचं होतं. एका हाकेला एक दिवस? एक घटका? नवऱ्याच्या बाबतीत तिनं ते कळायची वेळच येऊ दिली नाही. पोराच्या बाबतीत आठ हजार वेळा विसरली. नवऱ्याला लागू आहे ते पोराला लागू नाही असं कोण म्हणतं?

उलट बाजूही तिला दिसत होती. बाप बियाणं घरचं धरायचा. वांग्याचं, मिरचीचं, भोपळ्याचं, राखेत घोळून, पोखरून वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून आढ्याला टांगायचा, आणि पेरणीआधी दहा दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचा. हौसाला ते फडकं उशाशी घेऊन झोपायची सवय होती. पाच दिवसांनी उघडून मोजायचं, दहातले किती फुटले. एकदा तिनं घाई करून एकच दाणा फडक्यात ठेवला, तो कुजला, आणि ती रडत सांगायला गेली की सगळं बी वाया गेलं. बाप म्हणाला, “एका दान्यावरून तुंब्याची परीक्षा होत नाई, हौसे. दहा टाक.” हे तिला पटलं होतं आणि अजून पटत होतं. तिनं आजवर एकाच मुलाचं नाव ठेवलं, तो गेला, एकातून एक. यावरून आपल्या तोंडाविषयी काही ठरत नाही. ठरवायचं तर आणखी नऊ मुलांची नावं ठेवून पाहायला हवीत. इथपर्यंत आलं की तिचा विचार जागच्या जागी उभा राही, कारण दुसरा दाणा पाळण्यात पडून तिच्याकडे पाहत असे.

हे सगळं धनीबाईसमोर बोलायचं म्हणजे त्या पोराचं नाव काढायचं. तो गेल्यापासून धनीबाईनं त्याच्याविषयी एक शब्द काढला नव्हता. पोपटाची चोच तुटली होती ती त्यानंच तोडली होती, आणि सुताराला दाखवू म्हटलं की ती म्हणायची, राहू द्या. त्यापेक्षा भासरे मारणं सोपं होतं.

मेलेला भासरा मात्र जड गेला. परवा भाजीबाजारात जिजाबाईला जावई भेटले. हौसाबाईचे घरचे, जिनात कापसाच्या काट्यावर असत; सगळं वाशीम त्यांना काटेवाले म्हणून ओळखे. त्यांचं खरं नाव हौसाबाई घेत नाही, तेव्हा इथंही ते तूर्त राहू दे. जिजाबाईनं रीतसर डोळ्याला पदर लावून विचारलं, की तुमचे यशवंतभाऊ कधी गेले, आम्हाला कधी बोलला नाहीत. जावयांनी हातातली चवळीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाले, लई वर्सं झाले, मामी. मग जुडी उचलून घरी आले. दुपारचा भोंगा झाला की ते जेवायला येत. काल पान वाढल्यावर भाकरी, चवळी, ठेचा असं सगळं शांतपणे झालं, आणि ताकाचा पेला हातात घेऊन ते म्हणाले, “आपल्या यशवंतभाऊले कायनं नेलं होतं वं?”

हौसाबाई हातातल्या पळ्यानं ताक ढवळायला लागली.

“नाई, मले ठाव असलं म्हंजे बरं. कोनी इचारलं तं दोघाईनं एकच सांगाव.”

“देवीनं,” ती म्हणाली.

“हे पाय. म्या शेजाऱ्याले पटकी सांगतली.” त्यांनी ताक प्यायलं, मिशी पुसली. “हरकत नाई. आधी पटकी झाली, मंग देवी आल्या. लई सोसलं बिचाऱ्यानं.”

त्यावर तिला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. मग तिनं सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तीनशे पंच्याण्णव गुणिले वीस. ते ऐकत राहिले. काट्यावरचा माणूस, पारडं हलायचं थांबल्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची सवय. ती म्हणाली, की असं नाव पायजे जे बाकी सगळ्याईनं घ्यावं आन् म्या घेऊ नये. कानात एक डाव सांगीन, रीत हाये म्हून. त्याच्या पुढं माहं तोंड त्याले लागाले नाई पायजे.

“मंग माहं ठेव,” ते म्हणाले.

“तुमचं?”

“पडूनच तं हाये घरात. तू घेत नाई. माय घे, ते आपल्या लग्नाच्याच साली गेली. घरचे मानसं नुसतं आबे म्हंतेत. जिनात काटेवाले म्हंतेत, बाजारात काटेवाले, तुही माय जावईबुवा म्हंते. एकोनीस वर्सं झाले, कोनी हात नाई लावला त्याले. कोरं करकरीत नाव हाये.”

“आन् म्या ते तोंडानं घेतलं तं? तुमचं आयुष्य?”

ते आढ्याकडे पाहत राहिले. “एक डाव घेतल्यानं जाऊन जाऊन किती जाईन? एखांदा बुधवार जाईन. बुधवारी आवक लई असते, जिनात धुरळा मावत नाई. जाऊ दे एक बुधवार.” आणि पागोटं डोक्यावर ठेवून दुसऱ्या भोंग्याआधी निघून गेले.

तेव्हापासून हौसाबाई ते नाव मनात फिरवून पाहत होती. तिला ते नवीन होतं. नवऱ्याचं नाव ठाऊक असणं वेगळं आणि ते दुसऱ्या कोणाच्या अंगावर चढवून पाहणं वेगळं. दुपारभर घुगऱ्यांना खोबरं किसताना तिनं त्याची चारी बाजूंनी परीक्षा केली. जुनं होतं, वजनाचं होतं, उत्तमरावाला हवं तसं. त्या अकरांतलं होतं खरं, पण आईच्या वाट्याचं नव्हतं, भावजयीच्या नव्हतं. अडत होतं ते फक्त एका तोंडाशी आणि तिला तेच हवं होतं. शंका एकच. बापाच्या तुंब्यातलं बी तीन वर्षांवर गेलं की फुटत नसे, कांद्याचं तर वर्षही काढत नसे. एकोणीस वर्षं पडून राहिलेलं काय कामाचं? पण नाव म्हणजे कांद्याचं बी नव्हे. हे तिनं स्वतःला बजावलं, आणि आपण ते कशावरून म्हणतो आहोत असा प्रश्न लगेच पुढं आला, तो तिनं खोबऱ्याबरोबर किसून टाकला.

तिसऱ्या प्रहरी बायका जमल्या. या खेपेला त्या घरची भांडी घेऊनच आल्या होत्या. पदराला हरभऱ्याचे डाग पडतात, एक जण म्हणाली. उत्तमराव दारात उभा होता, त्यानं हात जोडले. “आक्का, मी आता काई सुचवत नाई. तुले जे घ्याता येईन ते घे. दगड म्हन, धोंडा म्हन. फक्त चौथ्यांदा हरभरे भिजू घालाले लावू नको.” अंगणात लिंबाखाली पुरुष बसले होते, त्यांत काटेवाले होते, जिनातून तासाभराची सुटी काढून आलेले, कानाच्या पाळीवर कापसाचा पुंजका चिकटलेला. ते तिच्याकडे पाहत नव्हते. ते लिंबाच्या मुळाकडे पाहत होते, तोल साधल्यासारखे.

बाळ पाळण्याखालून गेलं, वरून आलं, पुन्हा खालून गेलं. नव्या झबल्याला घाबरून ते रडत होतं. अकरा, हौसाबाईनं मोजलं. धनीबाईनं त्याला पाळण्यात ठेवलं आणि बाजूला होताना हौसाबाईच्या कानाशी हळूच म्हणाली, “आक्का, दौलत ठेवाचं असलं तं ठेवा. मले चालते.” सासरी आल्यापासून पहिल्यांदा तिनं ते नाव उच्चारलं होतं, सासऱ्याचं नाव, सुनेनं घेऊ नये ते, आणि घेऊन झाल्यावर ती इकडे तिकडे पाहत होती, जणू कोणी बुक्का घालील. हौसाबाईनं तिचा हात धरला. काही क्षण तिच्या डोक्यात एकही आकडा नव्हता. आठ हजार हाकांत या बाईची एकही नव्हती, हे तिनं त्या हिशेबात कुठंच धरलं नव्हतं. तिनं मान हलवली, नाही म्हणून, आणि वाकली.

पाळण्यात तेलाचा, धुरीचा आणि दुधाचा वास होता. पोपटाची तुटकी चोच तिच्या गालाला लागली. बाळ रडायचं थांबलं होतं; तिच्या नाकातल्या फुलीकडे पाहत होतं. आत्या इतक्या जवळ येऊन चुटकी का वाजवत नाही याचं त्याला नवल वाटलं असावं. मागे बायकांच्या बांगड्या वर गेल्याचा आवाज झाला. हौसाबाईनं त्याच्या टाळूवर बोट ठेवलं, जागा अजून होती, बोटाखाली उडत होती, आणि तिनं त्याच्या कानात नाव सांगितलं. पहिला बुक्का त्यानंतर पडला. मग दुसरा, तिसरा; जैतुनबीचा हात सगळ्यांत जड होता, मालिशचा हात. हौसाबाईला ते सगळं कुठं तरी लांब धपाटल्यासारखं वाटत होतं, शेजारच्या घरी कोणी कपडे आपटावेत तसं. झालं होतं. एक बुधवार. आता तिचं काम संपलं. आता सगळ्यांनी त्या नावानं त्याला हाका मारायच्या आणि तिनं जन्मभर चुटकी वाजवायची.

“काय ठेवलं वं?” जिजाबाई म्हणाली. “ऐकूच नाई आलं.”

“ह्या बुक्क्याईत काय ऐकू येते?” जैतुनबी म्हणाली. “नवाबानं ऐकलं. तो हसून राह्यला पाहा.”

“त्यानं ऐकून काय होते, आमी काय म्हनाव त्याले? सांग ना, हौसे.”

हे तिच्या हिशेबात नव्हतं. कानात सांगितलेलं नाव मग भोवतालच्यांना सांगावं लागतं, ही इतकी साधी गोष्ट. सात वर्षांपूर्वी ती ओरडलीच होती, म्हणून पुन्हा सांगायची वेळ आली नव्हती. ती सरळ झाली. पाठ आता दुखायला लागली होती. धनीबाई तिच्याकडे पाहत होती, उत्तमराव दारातून पाहत होता, आणि मागच्या रांगेत सोजरबाई दोन्ही हातांनी परात धरून, मान वाकडी करून, तिच्या ओठांवर डोळे लावून उभी होती.

“मले मोठ्यानं सांग,” सोजरबाई म्हणाली. “मले नाई ऐकू येत. देवाचं नाव काय ठेवलं?”

हौसाबाईनं दारातून बाहेर पाहिलं. लिंबाखालच्या माणसानं आता मान वर केली होती. त्यानं पागोटं नीट केलं, मग उजवा हात गुडघ्यावर ठेवून त्याची दोन बोटं उघडली. दोन. जाऊ दे, दोन बुधवार.

पाळण्यात पोरगं कोणाच्या तरी आवाजाची वाट पाहत असल्यासारखं मान वळवून होतं. हौसाबाईनं श्वास घेतला आणि सोजरबाईला ऐकू जाईल, अंगणात ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

“जानराव.”